राउटरच्या यादीत अनोळखी डिव्हाइस: ब्लॉक करण्याआधी हे तपासा

फोन साधारण सकाळी साडेनऊला येतो. "सर, आपल्या नेटवर बाहेरचं कुणीतरी बसलंय. यादीत कायबी नावं दिसायलेत." वाळूज असो, चिकलठाणा असो की जालन्याची एमआयडीसी, वाक्य हेच. मी या पट्ट्यातल्या लहान-मध्यम कंपन्यांची नेटवर्कं सांभाळतो, अधूनमधून लातूरकडेही फेरी होते, आणि या एका तक्रारीवर माझं जितकं पेट्रोल गेलंय तितकं दुसऱ्या कशावर गेलेलं नाही. बाहेरचं म्हणून ज्याची भीती घातलेली असते ते बहुतेक वेळा आतलंच निघतं. कुणीतरी आणलेलं, जोडलेलं आणि विसरलेलं. पण बहुतेक वेळा म्हणजे दर वेळी नव्हे, म्हणून शोधावं तर लागतंच.

इथं लिहिलंय ते वीस-पंचवीस कॉम्प्युटर, एखादा सर्व्हर, एक-दोन राउटर आणि साधे स्विच (नेटच्या वायरी एकत्र जोडायचे डबे) असलेल्या ऑफिससाठी आहे. मोठ्या प्लांटमध्ये आयटीची स्वतंत्र माणसं असतात, त्यांनी माझं ऐकायची गरज नाही.

लक्षणं काय दिसतात

राउटरमध्ये लॉगिन केल्यावर जोडलेल्या डिव्हाइसची यादी दिसते, त्यात 'अननोन' किंवा नुसती चांदणी, नाहीतर 'ईएसपी' आणि पुढे पाच-सहा अक्षरं असलं काहीतरी नाव. एका ठिकाणी कॉम्प्युटर २२ आणि यादीत नावं ६१. इथपर्यंत काम कुठंच अडलेलं नसतं, फक्त मालकाची झोप उडालेली असते.

दुसऱ्या प्रकारात काम अडतं. लाईट जाऊन आली की एखाद्या कॉम्प्युटरवर 'हाच आयपी दुसरीकडे वापरात आहे' असा इशारा येतो (आयपी म्हणजे डिव्हाइसचा नेटवर्कवरचा पत्ता). किंवा नेट चालतं पण टॅली उघडत नाही, प्रिंटर सापडत नाही, आणि बघावं तर त्या कॉम्प्युटरचा आयपी १९२.१६८.० ने सुरू होतोय, बाकीच्यांचा मात्र १९२.१६८.१ ने. किंवा दुपारी तीनला शिफ्ट बदलली की नव्यानं चालू केलेल्या कॉम्प्युटरला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळतो. हा पत्ता राउटरनं दिलेला नसतो. राउटरकडून उत्तरच आलं नाही म्हणून कॉम्प्युटरनं स्वतःच घेतलेला असतो.

या तिन्हींची मुळं वेगळी आहेत. आयपीचं भांडण म्हणजे कुणीतरी पत्ता हातानं भरून ठेवलाय. वेगळ्या मालिकेचा पत्ता म्हणजे नेटवर्कवर दुसरा राउटर पत्ते वाटतोय. आणि १६९.२५४ दिसला, वायर ठीक आहे, तर बहुधा राउटरकडचे पत्ते संपलेत. बऱ्याच लहान राउटरांमध्ये वाटायला शंभरेक पत्ते ठेवलेले असतात आणि एकदा दिलेला पत्ता कित्येक तास, बऱ्याचदा २४ तास, त्याच डिव्हाइसच्या नावावर राहतो. पहिल्या शिफ्टचे मोबाईल गेटबाहेर पडले तरी त्यांची जागा अडलेलीच. दुसरी शिफ्ट येते तेव्हा हॉल फुल्ल.

आधी एक विनंती: ब्लॉक करू नका

राउटरमध्ये नावापुढे 'ब्लॉक' असं बटण असतं आणि बोट तिकडेच जातं. माझंही गेलं होतं. जालन्याची एक बियाणांची कंपनी, शनिवारची संध्याकाळ, यादीत 'ईएसपी' नावाची दोन डिव्हाइस. कुणालाच माहीत नाही. मी तेव्हा नवा होतो, घरी बसून लांबूनच दोन्ही ब्लॉक केली आणि अण्णांना, म्हणजे मालकांना, अभिमानानं कळवलं की चोर बंद केले. सोमवारी सकाळी गोदामाच्या मॅनेजरचा फोन. शीतगृहाचं तापमान मोबाईलवर शनिवारपासून दिसतच नव्हतं. ती दोन डिव्हाइस म्हणजे आतल्या तापमानाचे सेन्सर होते, कूलिंगवाल्यानं बसवून दिलेले, आणि ऑफिसात कुणाला सांगितलेलं नव्हतं. बियाणं वाचलं ते एका वॉचमनमामांमुळे. त्यांचा मोबाईलवर विश्वासच नव्हता, ते दर चार तासांनी आतला थर्मामीटर बघून वहीत आकडा लिहायचे. अण्णा मला काय बोलले ते इथं लिहीत नाही.

तेव्हापासून आधी ओळख, मग कारवाई. अपवाद दोनच, ते शेवटी येतील.

पहिली तपासणी: वही घ्या आणि चालत फिरा

याला एक रुपया लागत नाही आणि निम्म्याहून जास्त नावं इथंच मिटतात, तरी हे कुणी करत नाही. सगळे आधी सॉफ्टवेअर डाउनलोड करतात.

वही घेऊन गेटपासून सुरुवात करा आणि ज्याला नेटची वायर किंवा वायफाय लागू शकतं ते सगळं लिहा. कॉम्प्युटर सगळे मोजतात. राहून जातं ते असं: हजेरीचं थंब मशीन, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, वजनकाट्याच्या केबिनमधला कॉम्प्युटर, कॉन्फरन्स रूममधला टीव्ही, साहेबांच्या केबिनचा एसी, पाण्याच्या टाकीची मोटर आपोआप चालू-बंद करणारी डबी, इंटरकॉमचा ईपीएबीएक्स, आणि छपरावरच्या सोलरच्या इन्व्हर्टरला खोचलेली वायफायची कांडी. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे शेडवर सोलर इतकं आलंय की ही कांडी मी सगळ्यात आधी शोधतो.

आणि विचारा. अकाउंटच्या मॅडमना विचारा, पण इलेक्ट्रिशियनला, वॉचमनला, कँटीनवाल्यालाही विचारा. 'गेल्या सहा महिन्यांत इथं कुणी काही बसवून गेलं का?' एवढा एकच प्रश्न. बाहेरचा टेक्निशियन आला की त्याला वायफायचा पासवर्ड कोण देतो? ऑफिस नाही, तो ज्याच्यासोबत उभा असतो तो माणूस देतो. दरडावून विचारलंत तर उत्तर मिळणार नाही. ज्यानं जोडलंय त्याला आपण काही चूक केली असं वाटलेलंच नसतं.

लिहिताना एक लक्षात ठेवा. लॅपटॉप यादीत दोनदा दिसू शकतो, एकदा वायरनं आणि एकदा वायफायनं, कारण दोन्हीचे मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटच्या भागाचे ओळख नंबर, वेगळे. प्रिंटरचंही तसंच. ६१ मधले पाच-सहा इथं गळतात.

दुसरी: यादी म्हणजे नेमकं काय ते समजून घ्या

राउटरमध्ये दोन याद्या असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, आत्ता जोडलेली डिव्हाइस. दुसरी, डीएचसीपीची यादी, म्हणजे राउटरनं कुणाकुणाला पत्ता दिला त्याची नोंद. दुसऱ्या यादीत सकाळी येऊन दुपारी परत गेलेल्या ट्रान्सपोर्टवाल्याचा मोबाईलही असतो. तो 'आत्ता बसलेला' नाही.

उलटी बाजू जास्त महत्त्वाची. ज्या डिव्हाइसमध्ये आयपी हातानं भरलाय ते डीएचसीपीच्या यादीत येतच नाही. म्हणजे यादीत नको ती नावं जास्त, आणि खरी काही गायब. म्हणून एकट्या यादीवर विसंबू नका. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एआरपी' आणि पुढे आडवी रेघ 'ए' असं टाकलं की त्या कॉम्प्युटरनं अलीकडे ज्यांच्याशी बोलणं केलं त्यांचे आयपी आणि मॅक दिसतात. आधी एखाद्या पत्त्यावर पिंग मारा, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक द्या, मग ही कमांड द्या. पिंगला उत्तर आलं नाही तरी मॅक दिसला तर डिव्हाइस जिवंत आहे, फक्त त्याच्या फायरवॉलनं, म्हणजे बाहेरचं अडवणाऱ्या पहारेकऱ्यानं, पिंग अडवलाय. विंडोजचे कॉम्प्युटर हे बऱ्याचदा करतात. हे सगळं आपण ज्या मालिकेत आहोत तिथंच चालतं, राउटरच्या पलीकडचा मॅक दिसत नाही.

तिसरी: मॅक ॲड्रेस वाचा, पण त्यावर भाळू नका

मॅक ॲड्रेसमध्ये १२ अक्षरं-आकडे असतात. पहिले सहा आयईईई ही संस्था कंपनीला देते, म्हणून त्यावरून बनवणारा कळतो. इंटरनेटवर फुकट शोधता येतं. यात दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा: नाव डिव्हाइसच्या कंपनीचं येईलच असं नाही, बऱ्याचदा आतल्या नेटच्या भागाच्या कंपनीचं येतं. 'एस्प्रेसिफ' दिसलं म्हणजे कुणी चिनी हॅकर नव्हे, ती वायफायची स्वस्त चिप बनवणारी शांघायची कंपनी आहे आणि तिची चिप स्मार्ट प्लगपासून टाकीच्या डबीपर्यंत कशातही असते. 'ईएसपी' हे नावही तिथलंच. 'हॉन हाय' दिसलं तर ती फॉक्सकॉन, बऱ्याच कंपन्यांचा माल बनवून देणारी.

दुसरा खड्डा मोठा. मॅकचं दुसरं अक्षर बघा. ते २, ६, ए किंवा ई यांपैकी असेल तर तो पत्ता कंपनीनं दिलेला नाही, डिव्हाइसनं स्वतः बनवलाय, आणि तो शोधून काही सापडणार नाही. हे बहुतेक मोबाईल असतात. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, वायफायला खरा मॅक न दाखवता बनवलेला मॅक दाखवायची सोय मुळातच चालू असते. माणसाच्या खासगीपणासाठी ती चांगलीच आहे, आपल्याला मात्र डोकेदुखी. फोन वायफाय विसरायला लावून, नाहीतर रीसेट करून, पुन्हा जोडला की नवा मॅक, नवं 'अनोळखी' डिव्हाइस असंही होऊ शकतं. त्या ६१ मधले २६ असे निघाले होते. कंपनीचे जे फोन आहेत, उदाहरणार्थ गोदामात स्कॅनिंगला वापरतात ते, त्यांच्यावर आपल्या वायफायपुरती ही सोय बंद करून ठेवा. कामगारांच्या स्वतःच्या फोनच्या मागे लागू नका. त्यांच्यासाठी गेस्ट वायफाय वेगळं करा आणि त्याला पत्त्याची मुदत दोन तासांची ठेवा. शिफ्ट बदलतानाचा १६९.२५४ चा त्रासही तिथंच संपतो.

चौथी: वेळ बघा

ही माझी आवडती. एका कागदावर दिवसभर, दर दोन तासांनी, संशयित नाव यादीत आहे की नाही एवढंच लिहा. चिकलठाण्यात एका ठिकाणी एक डिव्हाइस रोज सकाळी साडेसहाच्या सुमारास यायचं आणि संध्याकाळी सातच्या आत जायचं, रविवारीसुद्धा. मालक म्हणाले, इतकं वेळेवर येणारं माणूस आपल्या कंपनीत एकही नाही. ती सोलरची कांडी होती. पॅनलला ऊन लागलं की इन्व्हर्टर जागा होतो, अंधार पडला की झोपतो, आणि बऱ्याच इन्व्हर्टरांत कांडीला करंट त्याच्याकडूनच मिळतो.

शिफ्टबरोबर हलणारे मोबाईल. चोवीस तास असणारा डीव्हीआर किंवा सेन्सर. फक्त महिन्याच्या सुरुवातीला दिसणारा लॅपटॉप बहुधा ऑडिटवाल्यांचा. फक्त रात्री उगवणारं काही असेल तर आधी रात्रपाळीच्या वॉचमनचा फोन बघा, लगेच पोलिसांत धावू नका.

पाचवी: फॅक्टरीतून आलेले पत्ते

काही डिव्हाइस कारखान्यातूनच ठरलेला आयपी घेऊन येतात आणि बसवणारा तो बदलायचा कंटाळा करतो. हिकव्हिजनच्या कॅमेऱ्यांचा १९२.१६८.१.६४, दाहुआचा १९२.१६८.१.१०८, ईएसएसएल-झेडकेच्या हजेरी मशीनचा १९२.१६८.१.२०१. हे तीन पाठच करून ठेवा. तुमचा राउटर १०० पासून पुढे पत्ते वाटत असेल तर १०८ नंबर कधीतरी कुणाला तरी जाणारच.

मग हे भांडण लाईट आल्यावरच का होतं? लाईट गेली की सगळं बंद. आली की राउटर मिनिट-दोन मिनिटांत उठतो, पण बरेच स्वस्त राउटर आधी कुणाला काय दिलं होतं ते विसरलेले असतात आणि नव्यानं वाटायला लागतात. १०८ कुणा कॉम्प्युटरला जातो. तेवढ्यात डीव्हीआर किंवा कॅमेरा सावकाश उठतो आणि आपल्या हातानं भरलेल्या १०८ वर येऊन बसतो. दिवसभर लाईट टिकली तर हे कळतही नाही. उपाय सोपा आहे: राउटरच्या वाटपातून हे पत्ते वगळा, किंवा त्या डिव्हाइसला वाटपाबाहेरचा पत्ता द्या. आणि राउटरला एक छोटा यूपीएस लावा, या भांडणात जाणाऱ्या वेळेच्या मानानं तो फारच स्वस्त आहे.

सहावी: स्कॅन

आता कुठं सॉफ्टवेअर. मोबाईलवर फिंग, कॉम्प्युटरवर अँग्री आयपी स्कॅनर किंवा ॲडव्हान्स्ड आयपी स्कॅनर, जाणकारांसाठी एनमॅप. सगळी फुकट मिळतात. त्याआधी दोन गोष्टी. मालकाची परवानगी लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर 'हो, तपासा' एवढं चालेल. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मालकाच्या किंवा प्रभारी माणसाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटर-नेटवर्कमध्ये शिरण्याबद्दल आहे. उद्या काही झालं तर 'मी मदत करत होतो' हे तोंडी पुरत नाही. दुसरं, मशीनच्या पॅनलमधल्या पीएलसीकडे, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरकडे, स्कॅन नेऊ नका. जुने पीएलसी नुसत्या पोर्ट स्कॅननं गोठल्याची उदाहरणं आहेत, आणि प्रेस चालू असताना पीएलसी गोठणं ही नेटवर्कची तक्रार राहत नाही. ऑफिस आणि मशीन एकाच नेटवर्कवर असतील तर पिंग आणि एआरपीवरच भागवा.

स्कॅनमध्ये उघडी पोर्टं, म्हणजे डिव्हाइसचे नंबर असलेले दरवाजे, दिसली तर ओळख पटकन पटते. ९१०० म्हणजे प्रिंटर, ५५४ म्हणजे कॅमेरा किंवा डीव्हीआर, ४३७० म्हणजे हजेरी मशीन. ५०२ किंवा १०२ दिसलं तर तिथंच थांबा, ती पीएलसीची भाषा आहे. तो आयपी ब्राउझरमध्ये टाकून बघा, लॉगिनच्या पानावर बहुतेक वेळा कंपनीचं नाव आणि मॉडेल छापलेलंच असतं. पासवर्ड मारून बघू नका. नाव कळलं, काम झालं.

सातवी: वायफाय की वायर?

कामाच्या वेळेबाहेर राउटरचं वायफाय दोन मिनिटं बंद करा आणि वायरनं जोडलेल्या कॉम्प्युटरवरून त्या पत्त्यावर पिंग चालू ठेवा. सारखा पिंग चालवायला आयपीच्या पुढे आडवी रेघ आणि 'टी' लावायचा. उत्तर थांबलं तर डिव्हाइस वायफायवर आहे, चालूच राहिलं तर वायरवर. पिंगला उत्तर न देणारं असेल तर राउटरची 'आत्ता जोडलेली' यादी बघा, त्यातही वायफाय आणि वायर बऱ्याचदा वेगळी दाखवतात.

वायफायवर असेल आणि वरच्या कशानंही ओळखू आलं नसेल तर सुट्टीच्या दिवशी वायफायचा पासवर्ड बदला. ज्याचं बंद पडतं तो ओरडत येतो. दोन दिवसांत कुणी आलं नाही तर डिव्हाइस कामाचं नव्हतं, आणि ते गेलेलंही असतं. फक्त शीतगृह, अलार्म, फायर पॅनल, सोलर असल्या गोष्टींना नवा पासवर्ड आधी भरून घ्या. जालन्याचा धडा.

आठवी: वायर ओढणं

आता कष्टाचं काम, आणि सगळ्यात जास्त गमतीजमती इथंच होतात. स्विच मॅनेज्ड असेल तर त्यात लॉगिन करून मॅकचा तक्ता बघा, कोणता मॅक कोणत्या पोर्टवर, म्हणजे वायरच्या कोणत्या भोकावर, ते सरळ लिहिलेलं असतं. एकाच पोर्टवर दहा-बारा मॅक दिसले तर त्या वायरच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक स्विच किंवा राउटर आहे, तिकडं जा.

आपल्याकडे मात्र साधाच स्विच असतो. तेव्हा एकानं कॉम्प्युटरवर पिंग बघत बसायचं, दुसऱ्यानं रॅकमध्ये एक-एक वायर काढून पाच मोजून परत लावायची. ज्या वायरला पिंग थांबला ती आपली. सर्व्हरची आणि बिलिंगची वायर शेवटी, आणि तीही बिल निघत नसताना. काढलेली वायर त्याच भोकात जायला हवी, म्हणून आधी रॅकचा मोबाईलवर फोटो घ्या.

लातूरच्या एका डाळमिलमध्ये दोन महिने हा त्रास होता. लाईट आली की निम्म्या कॉम्प्युटरवर टॅली बंद, उरलेल्यांवर चालू, आणि दर वेळी निम्मे वेगळे. मी तिथं पोहोचलो तोवर दोघा जणांनी टॅली दोनदा नव्यानं टाकून झाली होती. बिघडलेल्या कॉम्प्युटरवर 'आयपीकॉन्फिग' पुढे तिरकी रेघ 'ऑल' अशी कमांड दिली. त्यात 'डीएचसीपी सर्व्हर' अशी ओळ येते, म्हणजे तुला पत्ता दिला कुणी. तिथं १९२.१६८.०.१ होता. आमचा राउटर १९२.१६८.१.१. म्हणजे गावात दुसरा पाटील होता. कॉम्प्युटर चालू होताना पत्ता मागतो आणि ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा घेतो. लाईट आल्यावर सगळे एकदम मागायचे, दोन्ही राउटर वाटायचे, कुणाच्या वाट्याला कोण ते नशीब.

पिंग लावला, वायरी काढत गेलो, सातवी वायर वजनकाट्याच्या केबिनची निघाली. केबिनमध्ये कपाटावर देवाच्या फोटोमागं एक जुना घरगुती राउटर, त्याचे दिवे अगरबत्तीच्या धुरात लुकलुकतायत. काट्यावरचा पोरगा घाबरला. "साहेब, इथं मोबाईलला नेट येत नव्हतं म्हणून घरचा आणून लावला. म्या कुणाचं काय बिघडवलं?" त्यानं ऑफिसकडून आलेली वायर राउटरच्या चार सारख्या भोकांपैकी एकात लावली होती, इंटरनेटच्या वेगळ्या भोकात नाही. त्यामुळे त्याचा राउटर सगळ्या मिलला पत्ते वाटत होता.

राउटर काढून नेला असता तर पोरानं आठवड्यात दुसरा आणला असता, कारण तिथं खरंच नेट येत नव्हतं. म्हणून त्यातलं डीएचसीपी बंद केलं, त्याला आमच्या मालिकेतला, वाटपाबाहेरचा पत्ता दिला, पासवर्ड बदलला आणि तिथंच ठेवला. फक्त देवामागून काढून वर भिंतीवर लावला. परत तक्रार आली नाही.

कुठं थांबायचं

आता ते दोन अपवाद आणि बाकीच्या जागा.

मशीनच्या पॅनलमध्ये सिमकार्डचा छोटा राउटर दिसला तर हात लावू नका. बऱ्याचदा तो मशीनवाल्या कंपनीनं लांबून दुरुस्ती करण्यासाठी बसवलेला असतो आणि वॉरंटीच्या कागदात त्याचा उल्लेखही असतो. पण तो तुमच्या इंटरनेटला आणि फायरवॉलला वळसा घालून आत येणारा दरवाजा आहे, हे मालकाला लेखी कळवा आणि ऑटोमेशनच्या माणसाला बोलवा.

रॅकमागं, प्रिंटरखाली, फॉल्स सीलिंगवर एखादी डबी सापडली, रास्पबेरी पाय (हाताएवढा छोटा कॉम्प्युटर) असेल किंवा बिननावाची, आणि कंपनीतलं, सर्व्हिसवाल्यांतलं कुणीच ती आपली म्हणत नाही, तर हा पहिला अपवाद. फोटो काढा, वेळ लिहा, फक्त नेटची वायर काढा. करंट चालू ठेवा, कारण बंद केलं की तिच्या मेमरीतला पुरावा जातो. उघडून बघण्याची फार इच्छा होते, उघडू नका. सायबर सुरक्षेच्या व्यावसायिकाला बोलवा.

दुसरा अपवाद असा. कॉम्प्युटरवर एआरपीच्या यादीत राउटरच्या आयपीपुढे जो मॅक दिसतो तो राउटरच्या खालच्या स्टिकरशी जुळवून बघा. शेवटच्या अक्षरात एखाद-दुसऱ्याचा फरक चालतो, राउटरच्या प्रत्येक बाजूचा मॅक वेगळा असतो. पण पूर्ण वेगळ्याच डिव्हाइसचा मॅक असेल तर मधे कुणीतरी राउटरचं सोंग घेऊन उभं असण्याची शक्यता आहे. तेव्हा तो शोध घरच्या घरी करू नका, त्या कॉम्प्युटरवरून बँकेचं काम ताबडतोब थांबवा आणि सायबर सुरक्षेच्या व्यावसायिकाला फोन करा. राउटरचा ॲडमिन पासवर्ड आपोआप बदललेला असणं, डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरच्या) जागी अनोळखी पत्ता असणं, कुणी न केलेलं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आत यायला उघडलेली वाट) दिसणं, हेही याच रांगेत.

घुसखोरी झालीच असं दिसलं तर केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ते लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं, आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. हे कंपन्यांनाही लागू आहे. म्हणून राउटर रीसेट करू नका, त्यातले लॉग जातील. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बाकी सगळं.

आणि एक साधी मर्यादा: एक पूर्ण दिवस घालवूनही वायरचं दुसरं टोक सापडत नसेल तर केबलिंगवाल्याला बोलवा. त्याच्याकडे टोनर असतो. एका टोकाला सूर सोडायचा, दुसरीकडे कांडी फिरवून ऐकायचा. तुमचा दिवस त्याच्या बिलापेक्षा महाग आहे.

शेवटी, वहीत जे लिहिलंत ते फेकू नका. एका कागदावर उतरवा: आयपी, मॅक, काय आहे, कुठं आहे, कुणी बसवलं, त्याचा फोन नंबर, तारीख. तो रॅकच्या दाराला आतून चिकटवा. एक्सेल शीट बनवू नका असं नाही, पण ती ज्याच्या लॅपटॉपवर असते तो नोकरी सोडतो. रॅकचं दार कुठं जात नाही. बाहेरचा टेक्निशियन वायफायचा पासवर्ड मागायला आला की त्यालाच त्या कागदावर एक ओळ लिहायला लावा आणि पासवर्ड नंतर द्या. पेन दाराला केबल टायनं बांधून ठेवा, नाहीतर पहिलाच टेक्निशियन ते खिशाला लावून जातो.